जाऊ नका असं कोण म्हणलं?

॥ श्री ॥
मौजे हिवरसावळी, तालुका अंबड
कार्तिक वद्य द्वादशी, शके १८५६

चि. सौ. द्वारकास धर्मराजचे अनेक आशीर्वाद, वि. वि. इकडं सर्व खुशाल. विमलला गोवर येऊन गेला ते बाजारात भेटलेल्या माणसाकडून कळलं. आता बरी हाय म्हणे. पोरीला थंडीत बाहेर काढू नको. रामकिसनरावांच्या जिनिंगात कापसाची गर्दी चालू असंल, तब्येतीला जपावं म्हणून सांग.

आता मोठी बातमी. वाचून रडत बसू नको, आनंदाची हाय. आपल्या आबांनी देह ठेवायचं ठरवलं. दिवाळी झाल्यावर त्यांनी अन्न सोडलं. आधी आम्हाला वाटलं, तोंडाला चव न्हाई. मंग एक दिवस तेच म्हणले, आता माझं इथं काही काम राह्यलं न्हाई, मी चाललो. सध्या दूध-ताकावर हायेत. पुढं तेबी सोडणार.

गावात कळलं तसं बघ काय झालं! पाटील स्वतः घरी आले, आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांना देवळात नेऊन गादीवर बसवलंय. चहूकडची माणसं दर्शनाला येऊन राह्यलीत. भुजंगराव रोज पोथी लावतात. मार्गशीर्षातल्या शुद्ध एकादशीचा दिवस सगळ्यांनी मिळून समाधीला धरलाय. पाटलांनी नदीकाठची जागा दिली, अंबडहून गवंडी येऊन समाधीचा ओटा मापून गेला. पुढच्या सालापासून तिथं यात्रा भरवायची म्हणतात. आपल्या घराण्याचं नाव होऊन राह्यलं, द्वारका.

तू आणि रामकिसनराव एकादशीच्या आधी या. येताना खोबऱ्याच्या वाट्या आणि चांगला कापूर आणा, अंबडला बराबर मिळत न्हाई. तुझ्या वहिनीचा तुला आशीर्वाद. पोरीला पापा.

कळावे. घरच्यांवर माया हाय तशी राहू द्यावी.
तुझा दादा, धर्मराज


॥ श्री ॥
मस्तगड, जालना
कार्तिक वद्य चतुर्दशी

तीर्थरूप दादांच्या चरणी द्वारकेचा नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की मला तुमचं अक्षरच लागलं नाही. माझा बाप मरायला निघालाय आणि तुम्ही मला खोबरं आणि कापूर आणायला सांगता! त्यात घराण्याचं नाव होतं म्हणता!

विमलच्या बाबांनी पत्र वाचलं आणि एकच विचारलं, आबा आजारी आहेत का? नाहीत. मग धडधाकट माणूस अन्न का सोडतो, हे त्या गावात एकानं तरी विचारलं का? तुम्ही विचारलं का? ओटा किती लांब, किती रुंद, हे गवंड्याला विचारलंत. आबांना काय विचारलंत?

भाऊबीजेला मी आले होते तेव्हा त्यांची बाज गोठ्याच्या पडवीत होती. डोळ्यांनी दिसत नाही, येता-जाता भांडी लवंडतात, म्हणून तिकडं टाकली असं तुम्ही सांगितलंत. आबांनी मला हळूच विचारलं, तांबड्याचं घुंगरू ऐकू येत नाही, बैल दुखण्यात आहे का? बैल तुम्ही विकला होता, दादा. ज्यानं त्याला वासरू असताना बोटानं दूध पाजलं, त्या माणसाला सांगावंसं सुद्धा वाटलं नाही तुम्हाला. आणि देवळातलं काय झालं ते मला तुळजावहिनींनी सांगितलं. इतकी वर्षं तिथं पोथी आबाच वाचायचे. एक दिवस त्यांची ओळ चुकली, पोरं हसली. दुसऱ्या दिवशी आबा हातपाय धुऊन, धुतलेलं धोतर नेसून गेले, तर पायरीवरच भुजंगरावांचा पोथी वाचण्याचा आवाज ऐकू आला. कोणी सांगायलाही आलं नव्हतं. आबा दारातूनच परत फिरले. हसणाऱ्या त्याच पोरांचे बाप आज पायावर डोकं ठेवतात!

जगायचं म्हटलं तर गोठा आणि मरायचं म्हटलं तर गादी, असा हा तुमच्या गावाचा न्याय. दोन वर्षं ज्याच्याशी कोणी धड बोललं नाही, त्याच्याभोवती आज सगळा मुलूख गोळा होतो. पण कबूल काय करून घेता त्याच्याकडून? एकादशीला मरायचं! आणि तो मुकाट्यानं कबूल होतो, कारण तेवढे दिवस तरी माणसांचा आवाज ऐकू येतो. हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि दादा, नंदाबाईची आठवण आहे ना? गेल्या साली तिनं विहीर जवळ केली, तेव्हा हेच पाटील आणि हेच भुजंगराव म्हणाले होते की आत्महत्येसारखं पाप नाही. तिला खांदा द्यायला कोणी पुढं आलं नाही. जिनं तिला सहा महिने मारलं ती सासू मात्र पंगतीला मानानं बसली. नंदाबाईचं पाप आणि आबांचं पुण्य? दोघांनाही जगणं नकोसं केलं होतं, एवढंच मला दिसतं. ती रडत गेली म्हणून पाप, हे हसत जातात म्हणून पुण्य, असं आहे का? ती जाण्याआधी तिला कोणी धरलं नाही. ह्यांना अजून धरता येतं.

आमच्या गल्लीतल्या दुर्गाबाईंचा मोतीबिंदू इथल्या दवाखान्यात काढला. त्या आता तांदूळ निवडतात. आबांना हे कोणी सांगितलं का? मी आज तिथल्या डॉक्टरीण बाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, घेऊन या, उशीर करू नका. उपाशी माणसाला एकदम काही खाऊ घालायचं नाही, थोडं थोडं द्यायचं, हेही त्यांनी समजावलं.

मी येते आहे. खोबरं आणणार नाही.

माझा राग करा, चालेल. पण बहिणीवरची माया तोडू नका.
तुमची धाकटी, द्वारका


॥ श्री ॥
हिवरसावळी
मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

चि. सौ. द्वारकास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पाहून वाईट वाटलं. थोरल्या भावाला असं लिहावं का? आबांनीच तुला राखेत बोट फिरवून अक्षरं शिकवली, ती असं लिहायला शिकवली काय? तू जालन्याची झालीस, तुला गावात राहायचं न्हाई. मला इथंच राहायचंय.

जबरदस्ती कोणी केली न्हाई. आबा आपल्या तोंडानं बोलले. मी एकदा म्हणलो होतो त्यांना, की दोन घास खा. ते म्हणले, कशासाठी? तूच सांग, काय सांगायला पाहिजे होतं? आणि आता गोष्ट माझ्या हातात राह्यली न्हाई. पाटलांनी चार गावांना सांगावे धाडलेत. भंडाऱ्याचा गहू दळून झाला. भुजंगराव म्हणतात, बोललेलं व्रत मोडलं तर सात पिढ्या भोगावं लागंल. आपण मोडलं तर गाव आपल्याला विस्तव देणार न्हाई.

एक बजावून सांगतो. हे अंबडच्या पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांच्या कानावर घालू नको. पाटलांनी सांगितलंय, जीव द्यायला निघालेल्यावर खटला होतो. म्हणजे पकडून नेतील ते आबांनाच. भल्या माणसाची शेवटी बेअब्रू करायची हाय का तुला?

कालपासून त्यांनी ताकबी सोडलं. नुसतं पाणी घेतात. आवाज बारीक झालाय. मला फार बोलत न्हाईत. रोज एवढंच विचारतात, जालन्याहून कोणी आलं का?

यायचं असंल तर जल्दी ये. पण चार माणसांत तमाशा करू नको, हात जोडतो.

मनात किंतु ठेवू नये.
धर्मराज


॥ श्री ॥
हिवरसावळी
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

विमलच्या बाबांच्या चरणी द्वारकेचा नमस्कार. तुमची काळजी मिटावी म्हणून आधी हे लिहिते, की आबा जिवंत आहेत आणि आज त्यांच्या पोटात पेज गेली. विमलला शेजारी दुर्गाबाईंकडं सोडत जा. तिच्या वेणीला तेल कमी लावा, उशी खराब करते.

आता सगळं सांगते. अंबडपर्यंत मोटार मिळाली, पुढं बैलगाडी. गाव लांबूनच ऐकू आलं, एवढे टाळ-मृदंग. वेशीपासून पताका लावल्या आहेत. एकानं तर बत्ताशांचं दुकान मांडलं आहे. आबा देवळात गादीवर, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि माळांच्या आत माणूस कुठं आहे ते शोधावं लागावं एवढे वाळलेले. ओळीनं लोक येतात, पाया पडतात, पुढं सरकतात. कोणी त्यांच्या तोंडाकडं बघत नाही.

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात चाचपला, बांगड्यांवरून ओळखलं. म्हणाले, आलीस का, आता मी मोकळा झालो. मी म्हणाले, मी निरोप द्यायला आले नाही, तुम्हाला न्यायला आले आहे. ते म्हणाले, मला नेऊन काय करशील, माझा आता काय उपयोग? खरं सांगते, राग आला, तोच बोलले. म्हणाले की उपयोगासाठी ठेवतात ती घागर असते आणि घमेलं असतं. तुम्ही माझे वडील आहात, तुम्ही मला पाहिजे आहात, बस्स.

भजन थांबलं. भुजंगराव उठून म्हणाले, पुरुषांच्या बैठकीत लेकीबाळींनी बोलायचं नसतं, शास्त्रात देहत्याग सांगितलेला आहे. मी म्हणाले, शास्त्र मला कळत नाही, पण ह्या माणसाला जगण्याचा कंटाळा आला नाही, तुमचा कंटाळा आला आहे. त्याला शास्त्रात काय नाव आहे ते सांगा. पाटील गुरकावले. दादा भिंतीला टेकून खाली मान घालून उभे होते.

अमिनाकडं जाते असं ओठांवर आलं होतं. पण दादांनी लिहिलं होतं ते आठवलं. कायदा धरणार कोणाला? मरायला निघालेल्याला! उपाशी म्हाताऱ्याला कोठडीत नेणार, आणि ज्यांनी ओट्याचे दगड वाहिले ते फेटे बांधून अदालतीत साक्षीला उभे राहणार. गावाचं तसं, सरकारचंही तसंच. माझ्या अंगाचा नुसता भडका झाला.

मी उभी राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, तुमच्यापैकी ज्यानं ज्यानं माझ्या बापाला 'जाऊ नका' असं म्हटलं असेल त्यानं हात वर करा.

देऊळ खच्चून भरलेलं होतं. कोणी हललं नाही. आबांना दिसत नाही ना, त्यांनी हळूच मला विचारलं, किती जणांनी केला गं हात वर? खोटं बोलवेना. म्हणाले, कोणीच नाही, आबा. त्यांचा चेहरा जसा झाला तो मला लिहिता येत नाही. इतके दिवस उपाशी होते तरी तसा झाला नव्हता.

मग मी त्यांचा हात माझ्या हातात धरला आणि माझा हात वर केला, म्हणजे त्यांना कळावं. मी म्हणाले, हा एक. एवढ्यात मागून बायकांमध्ये कोणीतरी म्हणालं, दोन. पाहते तर तुळजावहिनी! जिनं आजवर सासऱ्यासमोर पदर मागं घेतला नाही ती हात वर करून उभी, आणि डोळ्यांतून धारा. म्हणाली, मामंजी, बाज मीच हलवायला लावली होती, आजच्या आज परत घरात घेते, घरी चला. मग दादा आले. आबांच्या मांडीवर डोकं ठेवून पोरासारखे हुंदके द्यायला लागले. आबा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, ह्या माळा काढा रे, खाजतंय.

आम्ही त्यांना घरी आणलं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं तसं चमच्याचमच्यानं पातळ ताक दिलं, आज पेज. बाहेर गाव भयंकर चिडलं आहे. कोणी ओरडून गेलं की घराण्यानं देवाला फसवलं. फसवू दे. गाडी ठरली आहे, आबांना बसवता आलं की आम्ही निघतो. दवाखान्यात सांगून ठेवा.

तुम्ही मागं उभे आहात म्हणून मी बोलू शकले. ती पाठ अशीच राहू द्या.
द्वारका


॥ श्री ॥
हिवरसावळी
पौष शुद्ध दशमी

चि. सौ. द्वारकास धर्मराजचे आशीर्वाद, वि. वि. आबांच्या डोळ्याचं काय झालं ते जल्दी कळव. पट्टी कधी सोडणार? त्यांना तिखट देऊ नको, वहिनी विचारून राह्यली की बाजरीची भाकर पचती का.

इकडची हकीकत अशी हाय. गावानं आपलं येणं-जाणं बंद केलं. भुजंगराव म्हणतात, आबा भ्रष्ट झाले. पाटील म्हणतात, भंडाऱ्याचा गहू वाया गेला. नदीकाठी ओटा तसाच उभा हाय, वर बकऱ्या बसतात. सुरुवातीला मला लाज वाटली, तुझाबी राग आला, खोटं कशाला सांगू. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या देवळात शेकड्यांनी माणसं आल्ती, पायाची धूळ कपाळाला लावून गेल्ती. आज इतके दिवस झाले, त्यातल्या एकानंबी मला विचारलं न्हाई की म्हातारा कसा हाय. जगला का, वाचला का, त्याला दिसायला लागलं का! एकानंबी न्हाई, द्वारका! मेला असता तर दर सालाला नारळ घेऊन आले असते.

परवा चावडीवर पाटील मला टाकून बोलले, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यापुढं आवाज चढवला. म्हणलं, तुम्हाला माझा बाप पाहिजे नव्हता, यात्रा पाहिजे होती. आणि म्हणलं, नंदाबाईच्या दाराशी कोणी गेलं असतं तर ती पोरगी आज असती, तिथं का न्हाई गेलात भजन घेऊन? घरी आलो. तुझ्या वहिनीनं पाणी दिलं आणि हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, अशी हसताना मी तिला पाहिली न्हाई.

तू गोठ्याचं, तांबड्याचं लिहिलं होतं, त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं न्हाई. आता काय द्यायचं? आबांना म्हणावं, घर उघडं हाय.

भावाला पदरात घे.
धर्मराज


॥ श्री ॥
मस्तगड, जालना
माघ शुद्ध तृतीया

(आबा सांगत आहेत, मी रामकिसन लिहीत आहे. जसं बोलतात तसंच लिहा असा त्यांचा हुकूम आहे.)

चि. धर्मराजास आणि चि. सौ. तुळजास पुंजारामचे आशीर्वाद. पट्टी सुटली. एका डोळ्यानं दिसतं. दुसऱ्याचं डॉक्टरीण बाई म्हणतात उन्हाळा सरल्यावर बघू. विमल दिसती. तिला तिच्या आजीचं नाक आलंय, हे मला कोणी सांगितलंच न्हाई. बारीक अक्षर लागत न्हाई, म्हणून हे जावईबापूंच्या हातून. पुन्हा पोथी वाचता यील का न्हाई ते सांगता येत न्हाई म्हणे. न आलं तर न आलं.

धर्मराज, तू कोणाला मी साधू होतो असं सांगू नको. मी साधू न्हाई. मी रुसलो होतो. लेकरू रुसलं तर त्याला मनवतात. म्हातारा रुसला तर तुमच्या गावानं त्याला आरती ओवाळली! मी म्हणलं, मी चाललो. मला वाटलं कोणीतरी हात धरंल. ह्यांनी टाळ काढले. मंग मलाबी मागं फिरता यीना. रोज वाटायचं, आज कोणीतरी म्हणंल. आलेला माणूस पाया पडायचा आणि आपल्या पोरासाठी नवस बोलून जायचा. पाणी मागायचीसुद्धा मला लाज वाटायची, का तर लोक काय म्हणतील, ह्याला तर अजून तहान लागती!

मरण यायचं तेव्हा यील, त्याला मी भीत न्हाई. पण पोचवायला माणसं जमली म्हणून मी जाणार न्हाई. हे पाटलाला सांग. बराबर ह्याच शब्दांत सांग.

मला सध्या फार राग येऊन राह्यला, आणि राग आला की भूक लागती. द्वारका म्हणती, आबा, तुम्ही दोन माणसांचं खाता.

इथं भिंतीपलीकडं सोनूबाई म्हणून म्हातारी राहती. रोज दारात बसून म्हणती, देवा, उचल आता. तिच्या सुना ऐकून हसतात, गल्ली ऐकून हसती. मी पट्टीत होतो तवापासून ते ऐकून राह्यलो. काल मी भिंतीवरून विचारलं, का वो सोनूबाई, काय झालं? तिला वाटलं मी चेष्टा करतो. दुसऱ्यांदा विचारलं तर रडायला लागली. दुपारभर बोलत होती. पोराशी बोलून किती दिवस झाले ते तिला आठवत न्हाई, आणि तो त्याच घरात राहतो!

मी मोठ्यांदा त्या घराला हाका मारल्या. सगळी गल्ली बाहेर आली. द्वारका मला आवरायला लागली, की आबा, इथं आम्हाला राहायचंय, भांडण होईल. मी म्हणलं, तू देवळात उभी राह्यली तवा तुला कोणी आवरलं होतं का? भांडण झालंच. संध्याकाळी सोनूबाईचा पोरगा तणतणत आला, आमच्या घरात तुमचा काय संबंध म्हणून. मी म्हणलं, बस. तो बसला न्हाई. मी म्हणलं, उभ्यानं ऐक मंग. आणि मी त्याला माझी सगळी गोष्ट सांगितली, माळांपासून. तो ऐकून निघून गेला.

आज त्याला परत बोलावणं धाडलंय. आला तर बरं. न्हाई आला तर मी त्याच्या दारात जाऊन बसणार. जेवून जाणार, उपाशी न्हाई.

तुम्ही दोघं वेळेवर खात जा. आशीर्वाद हायेतच.
पुंजाराम